पटावरची एकतिसावी

"पाठवणार नाही म्हणजे काय? इथं बसून काय शिकणार ही पोर, कुलपं फोडायला?"

मावशीनं असं तोंडावर विचारलं तरी किल्लीवाल्या म्हाताऱ्याची कानस थांबली नाही. पकडीत धरलेल्या किल्लीचा दात घासता घासता तो हसला. "फोडायला नाही ताई, उघडायला. फोडणाऱ्याला घाई असते."

"बोलण्यात मी तुमच्याशी हरले. पोरीचं वय सांगा."

"पाचवं चालू आहे."

"मग बालवर्गाचंच वय की! आईबाप काय म्हणतात?"

"आई नाही. बाप कुठं असतो ते बापालाच माहीत." म्हाताऱ्यानं किल्लीवर फुंकर मारली. "हट्ट नाही माझा. पण ती बोलत नाही कुणाशी. तुमच्या त्या गर्दीत चिरडून जाईल. मुंगी आहे ती."

मुंगी म्हणजे समोर बसलेली पोरच. शाळेच्या दाखल्यावर लिहायला तिला चांगलं नाव होतं, पण आजोबानं ठेवलं ते मुंगी, आणि ते बरोबरही होतं. फुटपाथच्या कोपऱ्यावर भिंतीला एक फळी टांगलेली, फळीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. त्या फळीखाली ती मांडी घालून बसायची आणि कोऱ्या किल्ल्या मापाप्रमाणं तारेत ओवायची. मावशीनं खाली बसून मुद्दाम एक लांब किल्ली आखूड किल्ल्यांच्या तारेत घातली. मुंगीनं तिच्याकडं बघितलं नाही. किल्ली काढली, योग्य तारेत घातली, आणि तार मावशीच्या हाताला लागणार नाही एवढी लांब सरकवून ठेवली.

"आई गं! ही तर आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या वरताण आहे," मावशी म्हणाली. "बाबा, ऐका माझं. पटावर तीस पोरं आहेत. ही आली की एकतीस. एकतीस झाली की एका वर्गाचे दोन वर्ग होतात. पंधरा-सोळा पोरं एका खोलीत, बस. कोण चिरडतंय? आणि मी आहे ना तिथं. सकाळी माझ्या हातात द्यायची, दुपारी माझ्या हातातून घ्यायची."

कानस थांबली. "तुमच्या हातात?"

"माझ्या."

"मग ठीक आहे," म्हातारा म्हणाला.

मावशीला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं. सगळी सुट्टी ती गल्ल्या पालथ्या घालत हिंडली होती. कुणाच्या दारात झुला दिसला, कुणाच्या दोरीवर लहान चड्ड्या वाळत दिसल्या, की ही आत शिरायची. एका घरात तर चड्ड्या आजोबांच्या निघाल्या. तरी चहा पिऊन आली.

आता हे तिचं काम होतं का? नव्हतं. ती बालवर्गाची मदतनीस. एकोणीस वर्षं. काम काय, तर नाकं पुसायची, नाड्या बांधायच्या, कुणाला उलटी झाली तर भुसा टाकायचा, आणि सकाळी फाटकात आईच्या गळ्याला मिठी मारून ओरडणारं पोर अलगद सोडवून घ्यायचं. हे शेवटचं काम तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. आई वळून बघायच्या आत पोर आत. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, वर्ष संपताना तिला बोलावून सांगितलं होतं, "मावशी, एवढं कराच. लोक आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात." असं कुणी म्हटलं की मावशी पाण्यात उडी मारायला तयार.

शिवाय त्या खोलीची दशा ती रोज बघत होती. तीस पोरांची एकच खोली आणि बरोबर मधोमध खांब. खांबामागं चार-पाच पोरं कायम लपलेली. वर्गाच्या धाकट्या बाई दिवसभर त्या खांबाभोवती फिरायच्या. दुपारपर्यंत त्यांचा आवाज असा बसायचा की पोरांना वाटायचं, बाई काहीतरी गुपित सांगतायत. मग पोरंही कुजबुजत ओरडायची. एकदा मावशीनं त्यांना कपाटाआड डोळे पुसताना पकडलं. "काही नाही मावशी, खडूची धूळ," त्या म्हणाल्या. मावशी म्हणाली, "खडू आणू का दुसरा?" दोघी हसल्या. पण मावशीच्या मनात ते राहिलं होतं.

तर अशी ही मुंगी शाळेत आली. पहिल्या दिवशी रडली नाही, बोलली नाही, खालीही बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी. पोरांना अंगणात न्यायचं तर मावशीकडं एक लांब दोर होता. दोराला गाठी मारलेल्या, एका पोराला एक गाठ. धरून चालायचं, सोडायचं नाही. मावशीनं टोकाला नवी गाठ मारली आणि म्हणाली, "ही तुझी. एकतीस नंबर. तू सुटलीस तर सगळा दोर लोंबकळेल बघ." मुंगीनं गाठ अशी घट्ट धरली की अंगणातून परत आल्यावर बोटं सोडवावी लागली.

आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी मावशी तिच्या बुटाची नाडी बांधत होती तेव्हा वरून आवाज आला, "मावशी, तुमच्या दातात हिरवं अडकलंय."

शाळेतलं तिचं पहिलं बोलणं ते. मावशी तशीच दात न पुसता धाकट्या बाईंकडं पळत गेली. "बोलली! बोलली!" त्यानंतर मात्र नळ जो सुटला तो बंद होईना. कुठल्या घराची किल्ली कशी, कुठल्या माणसानं एकच किल्ली तीनदा हरवली, कुणाच्या बायकोनं नवऱ्याला न सांगता दुसरी करून घेतली. फाटकात म्हातारा यायचा तेव्हा मावशी म्हणायची, "बाबा, तुमच्या गिऱ्हाइकांची सगळी भानगड आमच्या बालवर्गाला पाठ झालीय."

महिना असा सुखात गेला. मग एक दिवस ती हजेरीपट द्यायला कार्यालयात गेली, तर कारकून चष्म्यावरून तिच्याकडं बघून हसायला लागला.

"मावशी, मानलं तुम्हाला. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. पण तो धोंडा शोधायला सुट्टीभर दारोदार हिंडलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

"काय झालं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" त्याचं हसू जरा कमी झालं. त्यानं एक कागद पुढं ओढला. "बघा. तीसपर्यंत पोरं, तर एक तुकडी. एक शिक्षिका, एक मदतनीस. एकतीस झाली, तर दोन तुकड्या, दोन शिक्षिका."

"मग चांगलंच की."

"पुढं ऐका ना. तुकडीत विसापेक्षा कमी पोरं असली की मदतनीस मंजूर नाही. आता एकतिसाचे दोन भाग करा. पंधरा आणि सोळा. कुठं आहेत वीस?"

मावशीनं बोटं मोजली नाहीत. बाहेर तिसरीची पोरं पाढे म्हणत होती.

"पुढच्या आठवड्यात मोजणी आहे," कारकून म्हणाला. "साहेब येणार, पोरं मोजणार. त्या दिवशी जो वर्गात बसलेला, तो पटावर. जो नाही त्याचं नाव कमी."

"आणि आजारी असला तर?"

"आदल्या दिवशी डॉक्टरची चिठ्ठी. नसेल तर लाल रेघ. एकदा मोजणी झाली की पट बंद, वर्षभर आत कुणी नाही."

ती वळली. दारात थांबून म्हणाली, "मोठ्या बाईंना हे ठाऊक होतं?"

कारकुनानं हजेरीपट उघडला आणि त्यात डोकं घातलं.

मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मावशी काय ते समजली.

"मावशी, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात," बाई म्हणाल्या. "एकतीस पोरांचं भलं एकीकडं. एका माणसाची नोकरी एकीकडं. मी तरी काय करू? आणि तुमचंही वय झालंच की. गुडघे दुखतात म्हणत होता ना?"

"दुखतात. पण त्यांच्यावरच चालतेय."

"आम्ही निरोप देऊ छान. भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलंय."

"घड्याळ?"

"मोठं. आकडे स्पष्ट दिसतात."

मावशी म्हणाली, "बाई, मग मला वेळ बघून जायचं कुठं असेल हो?" बाई हसल्या. त्यांना वाटलं, मावशी नेहमीसारखी गंमत करतेय.

घरी तिनं विषय काढला तो भांडी पुसता पुसता, सहज म्हणून. तिचा धाकटा मालगाडीवर चालक. सून औषधाच्या दुकानात. दोन खोल्या, त्यातल्या स्वयंपाकाच्या खोलीत मावशीचं अंथरूण.

"बंद होणार म्हणजे, कधीपासून?" लेकानं विचारलं.

"अजून काही ठरलं नाही. नुसतं बोलतायत."

लेकानं बायकोकडं बघितलं. सुनेनं ताटाकडं बघितलं. ह्या बघण्याचा अर्थ मावशीला लागायला वेळ लागला नाही. हे दोघं आधी बोलून बसलेले होते.

"आई, मी काय म्हणतो," लेक म्हणाला. "शाळा जवळ म्हणून तू इकडं, हे ठरलेलंच होतं ना. शाळा नाही तर मग दादाकडं जायला काय हरकत? त्याचं घर मोठं आहे. त्यानंही करायला नको का काही?"

"थोरल्यानं चार वर्षांत फोन नाही केला रे."

"तू गेलीस की करायचीच गरज नाही," लेक म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला. सून नाही हसली, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला पाहिजे. ती म्हणाली, "आत्ताच कशाला? आईंची नोकरी आहे तोवर आहेतच की त्या."

आहे तोवर. मावशी रात्रभर त्या दोन शब्दांवर कूस बदलत राहिली.

मोजणीच्या आदल्या दिवशी शाळेनं पोरांच्या हाती छापील चिठ्ठ्या दिल्या. वाटल्या मावशीनंच. दप्तरात घालायच्या, चेन लावायची. प्रत्येक चेन लावताना तिच्या मनात एकच हिशोब: एक पोर. फक्त एक. तीस झाली की एकच तुकडी, आणि मी आहे तिथं आहे. कुणाचं काय वाईट होणार? पण वाईट होणारच होतं आणि तिला ते माहीत होतं. ज्याच्यावर लाल रेघ, त्याचं वर्ष गेलं. आणि धाकट्या बाईंचा खांब तसाच राहिला.

तरी शाळा सुटताना तिनं फाटकात एका शेंबड्या पोराच्या आईला गाठलं. "काय गं, सर्दी फार झालीय का ह्याला? उद्या जरा घरी..."

"छे हो मावशी! उद्या मोजणी ना? चिठ्ठी वाचली मी. सर्दी काय, ताप आला तरी आणून बसवते."

दुसरीनंही तेच सांगितलं. तिसरीला तिनं विचारलंच नाही. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या आणि सगळ्यांना वाचता येत होतं.

ती घरी निघाली. घर डावीकडं होतं, पाय उजवीकडं गेले. आता पायांनाच दोष द्यायचा तर द्या, पण गेले खरे.

म्हाताऱ्यानं तिला लांबूनच हाक मारली. "बरं झालं आलात ताई! आता कुणाला विचारू म्हणत होतो." त्यानं खिशातून चिठ्ठी काढली, चार घड्या उलगडल्या आणि हाताचं तेल लागू नये म्हणून दोन बोटांत टोकाला धरून पुढं केली. "पोर म्हणते महत्त्वाचं आहे. मला दात कळतात किल्लीचे, अक्षराचे नाही कळत. काय म्हणतात बाई?"

मावशीनं चिठ्ठी घेतली. ठळक अक्षरात लिहिलं होतं: उद्या मोजणी आहे. प्रत्येक मुलानं वेळेवर हजर राहणं सक्तीचं आहे. गैरहजर मुलाचं नाव पटावरून कमी होईल.

मुंगी किल्ल्यांची तार बाजूला ठेवून तिच्या तोंडाकडं बघत होती.

मावशीनं बोट अक्षरांवरून फिरवलं. डावीकडून उजवीकडं, ओळीमागून ओळ, जसं खरोखर वाचणारं माणूस फिरवतं.

"उद्या सुट्टी आहे," ती म्हणाली.

"सुट्टी? मधेच?"

"खोलीला रंग देणार आहेत. परवापासून नेहमीसारखी शाळा."

"एवढंच? मला वाटलं काय झालं." म्हातारा मोकळा हसला. मुंगी मात्र उठून उभी राहिली. "पण उद्या फळा पुसायचा माझा नंबर आहे. बाई म्हणाल्या होत्या."

"परवा पूस गं," मावशी म्हणाली. "फळा कुठं पळून जातोय?"

तिनं चिठ्ठी परत दिली. म्हाताऱ्यानं ती पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवली. "थांबा, चहा सांगतो," तो म्हणाला. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते नऊ वाजता. बारीक, नीटनेटका माणूस. रागीट वगैरे काही नाही, उलट पोरांशी प्रेमानं बोलत होता. पेन्सिलीचं मागचं टोक एकेका पोराच्या डोक्याला लावत तो मोजत गेला. खांबामागं गेला, परत आला.

"तीस."

धाकट्या बाई पुढं झाल्या. "एकतीस आहेत सर. एक मुलगी यायची आहे. रोज वेळेवर येते, आजच कशी..." त्यांचा आवाज सकाळीच बसला होता. "दहा मिनिटं थांबाल का? जवळच राहते. मावशी, धावत जा हो! किल्लीवाल्या बाबांच्या मुंगीला उचलून घेऊन या. तशीच आणा, कपडे कसे का असेनात."

"जाते," मावशी म्हणाली.

ती खरंच धावली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत धावली, कारण खिडकीतून बाई बघत होत्या. कोपऱ्यावर पाण्याची टाकी होती. टाकीच्या आड ती थांबली. तिथून रस्त्यापलीकडं किल्ल्यांची फळी दिसत होती आणि फळीखाली पोर. मुंगी म्हाताऱ्याला काहीतरी रंगून सांगत होती, हात वर-खाली करत. फळा कसा पुसतात ते दाखवत असावी. दोनशे पावलं असतील मध्ये. मावशीनं तिथल्या तिथं उभं राहून श्वास मोजले. शंभर झाले. दोनशे झाले. एक बाई पाणी भरायला आली. "कुणाची वाट बघताय मावशी?" "कुणाची नाही," मावशी म्हणाली. तीनशे झाल्यावर ती वळली आणि शाळेच्या वळणावर आल्यावर पुन्हा धावली.

"घराला कुलूप आहे," धापा टाकत ती म्हणाली. धाप खरी होती.

साहेबांना हसू आलं. "किल्लीवाल्याच्या घराला कुलूप! वा!" सगळ्यांनी हसावं म्हणून त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कारकून तेवढा हसला. मग साहेबांनी पट्टी मागितली, पटावर एकतिसाव्या ओळीवर ठेवली आणि लाल रेघ ओढली. सरळ, नीट, एका झटक्यात. खाली सही, शिक्का.

धाकट्या बाई लहान पोरांच्या एका खुर्चीवर बसल्या. गुडघे हनुवटीला आले त्यांचे. एका पोरानं येऊन विचारलं, "बाई, तुम्ही पण आमच्या वर्गात आहात का?" बाई म्हणाल्या, "हो रे. इथंच आहे."

मोठ्या बाईंनी जाता जाता मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, तुमचं तरी नशीब जोरावर आहे." त्यात कडवटपणा किती आणि खरेपणा किती, ते मावशीला कळलं नाही. कार्यालयात कारकुनानं तेवढं विचारलं, "कुलूप केवढं होतं हो मावशी?" ती हजेरीपट टेबलावर ठेवून वळली. तो पुन्हा लिहायला लागला. त्यानं तो प्रश्न परत कधी केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा नेहमीच्या वेळेला फाटकात आला. मुंगीचे केस पाणी लावून चापून बसवलेले. तिनं लांबूनच मावशीला विचारलं, "कुठला रंग दिला?"

आणि नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई फाटकाशी आल्या.

"बाबा! अहो, काय केलंत हे? परवा चिठ्ठी दिली होती ना? स्पष्ट लिहिलं होतं, मोजणी आहे, पाठवाच म्हणून. एका मुलीपायी आख्खी तुकडी गेली आमची! हिचंही नाव गेलं. आता वर्षभर काही करता यायचं नाही."

"मोजणी?" म्हातारा म्हणाला.

त्यानं हात खिशाकडं नेला. खिशात चिठ्ठी होती अजून. तो मावशीकडं वळला. मावशी एका पोराची नाडी बांधत खाली बसली होती. नाडी बांधून झाली होती. तिनं ती सोडली आणि परत बांधायला घेतली.

म्हातारा बघत राहिला. आयुष्यभर कुलपाच्या भोकात डोकावून आतली रचना ओळखणारा माणूस तो. त्याला किती वेळ लागणार?

"का पाठवलं नाहीत?" मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं. "कुणी काही सांगितलं होतं का तुम्हाला?"

खिशावरचा हात खाली आला.

"नाही बाई," तो म्हणाला. "कुणी कशाला सांगेल? विसरलो मी. म्हातारा माणूस."

"विसरलात! पोरीचं वर्ष गेलं तुमच्या विसरण्यापायी."

"हो. चुकलं माझं."

मोठ्या बाई निघून गेल्या. मुंगीला ह्यातलं काही कळलेलं नव्हतं. तिनं आजोबाचा हात सोडला आणि रोजच्यासारखा मावशीपुढं केला. मावशी उठली. एकोणीस वर्षांत तिनं फाटकात हजारो हात सोडवले होते आणि आत नेले होते. उलटं कधी करावं लागलं नव्हतं. तो हात तिनं धरला, म्हाताऱ्याच्या हातात नेऊन दिला आणि फाटक ओढलं.

"मावशी, मी आत आलेच नाही अजून," मुंगी म्हणाली. तिला वाटलं मावशी विसरली.

"चल," म्हातारा म्हणाला. त्यानं तिचं दप्तर काढून घ्यायला हात लावला, तशी ती बाजूला झाली. "माझं आहे ते," म्हणाली. दप्तर पाठीला तसंच ठेवून ती त्याच्याबरोबर गेली.

त्या दिवशी मावशीनं तीस नाकं पुसली, तीस डबे उघडले, तीस डबे बंद केले. धाकट्या बाईंचा आवाज दुपारच्या आतच गेला. घरी सुनेनं विचारलं, "काय झालं हो तुमच्या शाळेचं?" मावशी म्हणाली, "राहिली नोकरी." लेक म्हणाला, "बघ, उगाच काळजी करत होतीस," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

संध्याकाळी ती दूध आणते सांगून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर गेली.

दुपारपासून तिनं मनात वाक्यं जुळवली होती. कशी सुरुवात करायची, लेकाचं कसं सांगायचं, थोरल्याचं कसं. मुंगी फळीखाली बसली होती. दप्तर अजून पाठीलाच. त्यामुळं तिला भिंतीला टेकता येत नव्हतं, म्हणून ताठ बसली होती. तिनं मावशीला बघितलं आणि किल्ल्या ओवायला लागली. बोलली नाही.

म्हाताऱ्यानं मान वर केली.

"काय करायचंय?" त्यानं विचारलं. रागानं नाही. रस्त्यानं येणाऱ्या कुणालाही विचारावं तसं.

मावशीनं तोंड उघडलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. हात आपसूक कनवटीला गेला, घराची किल्ली बाहेर आली. लेकाच्या घराची, तिच्याजवळची एकच.

"हिच्यासारखी एक," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं किल्ली घेतली, उजेडात फिरवून बघितली. मागं न बघता हात केला, तर मुंगीनं बरोबर मापाची कोरी किल्ली त्या हातात ठेवली. त्यानं दोन्ही किल्ल्या पकडीत धरल्या आणि कानस लावली. घाई केली नाही. नेहमी करायचा तितक्याच निगुतीनं एकेक दात काढला, फुंकर मारली, जुनी आणि नवी पाठीला पाठ लावून डोळ्यासमोर धरली, पुन्हा थोडं घासलं. मग फडक्यानं दोन्ही पुसून तिच्या हातावर ठेवल्या.

"बसायला पाहिजे," तो म्हणाला. "नाही बसली तर परत आणा. घासून देईन."

मावशी त्या दोन किल्ल्या मुठीत धरून उभीच राहिली. तिच्या मागं एक माणूस बिघडलेलं कुलूप घेऊन येऊन थांबला होता.

"जरा सरकता का, ताई," म्हातारा म्हणाला. "मागं गिऱ्हाईक आहे."